सबनीस मॅडमचं इंग्रजी

"शी हॅज मेड इट अप," सबनीस मॅडम म्हणाल्या, आणि माझे वडील खुर्चीतून उठून हात जोडत म्हणाले, "थँक्यू मॅडम. लै उपकार झाले."

पलीकडच्या खुर्चीत कणसे सर बसले होते. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते.

मी तेव्हा नववीत होते. विट्यातली इंग्रजी माध्यमाची शाळा, तिच्या मुख्याध्यापिकांची केबिन, आणि माझ्या डाव्या कानात कापसाचा बोळा. वडिलांनी येताना स्कूटरवर बजावलं होतं, "तू काय बोलू नकोस निलू. मोठ्या माणसांत मी बोलतो." म्हणून मी गप्प बसले होते. पण मॅडमचं ते वाक्य मला कळलं होतं, आणि वडिलांना कळलं नव्हतं, हेही मला कळलं होतं.

झालं होतं ते असं. कणसे सर आम्हाला गणित शिकवायचे. संस्थेच्या अध्यक्षांचे ते भाचे, त्यामुळे त्यांना शाळेत कुणी काही विचारत नसे. वर्गात फिरताना त्यांचा पाय माझ्या दप्तरात अडकला. माझं दप्तर वडिलांनी उरलेल्या रेक्झिनचं शिवलेलं होतं, चॉकलेटी, दुहेरी शिलाईचं. वडिलांचं बायपासला दुकान होतं, ओंकार कुशन. ट्रकच्या केबिनच्या गाद्या, रिक्षाचे हूड, जीपच्या सीटा, असलं सगळं ते शिवायचे.

"हे पोतं कुणाचं?" सरांनी विचारलं.

"माझं सर. पप्पांनी शिवलंय."

"बाप गाद्या शिवतो ना तुझा? मग घरी बसून कापूस भर की. इथं कशाला जागा अडवलीस?"

वर्ग हसला. मी म्हणाले, "तुमच्या गाडीच्या सीटापण त्यांनीच शिवल्यात सर."

यावर वर्ग जास्त हसला, आणि या वेळी माझ्यावर नाही. सरांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि कानाखाली मारली. मी पडले नाही म्हणून परत मारली. कानात कुकरची शिट्टी सुरू झाली आणि ती थांबेचना. सकाळी उशीवर पिवळट, लालसर डाग होता. सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांनी आत बॅटरी लावून बघितलं आणि वडिलांना म्हणाले, "पडद्याला भोक पडलंय. कुणी मारलं हिला?"

वडील शाळेत भांडायला गेले नव्हते. ते शब्द मागायला गेले होते. चूक झाली एवढं शाळेनं म्हणावं आणि कानाचं काय ते बघावं, इतकंच.

मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी मागवलं. सुरुवातीला त्या मराठीत बोलल्या, अगदी गोड. "वायदंडे, आम्ही चौकशी केली हं. वर्गातल्या प्रत्येक मुलाला विचारलं." मग थांबल्या, कणसे सरांकडे बघितलं आणि एकदम इंग्रजीत गेल्या. कुणी काही पाहिलेलं नाही, कान आधीपासूनच दुखत असणार, या वयात मुली असं करतात. आणि शेवटी ते वाक्य. वडील प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. सातवीपर्यंत शिकलेला माणूस पुढ्यात इंग्रजी आलं की मान हलवतो. दुसरं काय करणार?

केबिनमधून बाहेर पडलो तेव्हा वडील खुशीत होते. जिना उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खाली स्कूटर स्टँडवरून काढली, किक मारली.

"पप्पा, गाडी बंद करा."

"का गं? कान दुखतोय?"

"मॅडम काय म्हणाल्या ते कळलं का तुम्हाला?"

"कळलं की. मेकप करतो म्हणल्या."

मला आधी समजलंच नाही. मग उमगलं. दुकानात येणारे ट्रक ड्रायव्हर असंच बोलायचे. घाटात दोन तास गेले, पुढं हायवेला मेकप केला. वडिलांचं इंग्रजी त्या ड्रायव्हरांकडून आलेलं होतं. मेकप म्हणजे गेलेलं भरून काढणं. मॅडम भरून देतो म्हणाल्या, असं त्यांना वाटलं होतं. एवढी शिकलेली बाई आपल्या पोरीचा कान भरून देतो म्हणते, म्हणून ते उठून उभे राहिले होते.

"पप्पा, तसं नाही म्हणाल्या त्या. मेड इट अप म्हणजे मनानं रचलं. मी खोटं बोलतेय, असं म्हणाल्या."

"काय तरी ऐकलं असशील तू. एका कानानं."

"नीट ऐकलंय. आणि अर्थ त्यांनीच शिकवलाय. आम्हाला इंग्रजी त्याच घेतात."

ते खरं होतं. आठवड्यातून तीनदा सबनीस मॅडम आमच्या वर्गावर यायच्या. एक साधं क्रियापद घ्यायच्या आणि त्याला अप, ऑफ, आउट लावून अर्थ कसा पालटतो ते दाखवायच्या. मेक अपचे त्यांनी चार अर्थ सांगितले होते. चारही मला पाठ होते, कारण मला त्यांचा तास फार आवडायचा.

वडिलांनी स्कूटर बंद केली.

"म्हणजे ती तुला खोटारडी म्हणली."

"हो."

"आणि मी तिला थँक्यू म्हणलं."

त्यांनी मान वर करून केबिनच्या खिडकीकडे बघितलं.

"म्हणून तो हसत हुता," वडील म्हणाले.

त्यांनी स्कूटर परत स्टँडवर चढवली. माझा हात धरला. माझे वडील ओरडणारे नव्हते. दुकानात कुणी उलटसुलट बोललं तरी दाभण चालवत राहायचे. पण त्या दिवशी जिना चढताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली.

केबिनमध्ये चहा आला होता. आम्हाला बघून कणसे सरांनी कप खाली ठेवला. मॅडम हसल्या. "काही राहिलं का?"

"व्हय. मगाशी जे बोलला ते मराठीत सांगा."

"अहो, सगळं सांगितलं की तुम्हाला."

"इंग्रजीत सांगितलं. आता मराठीत सांगा. तुमची-माझी भाषा एकच हाय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला दटावणी दिसली. वर्गात कुणी चुकीच्या वेळी बोललं की त्या असंच बघायच्या.

"म्हणजे, कसं आहे," त्या म्हणाल्या, "निलमला तसं वाटलं असेल."

वडील माझ्याकडे वळले. "मेड अप म्हणजे वाटलं?"

"नाही."

"न्हाई म्हणती ती, मॅडम."

"गैरसमज म्हणा हवं तर. मुलांचे होतात."

"गैरसमज?" वडिलांनी मला विचारलं.

"नाही."

"वायदंडे, तुम्ही उगाच शब्दाला शब्द..." कणसे सर मधे बोलले.

"तुम्ही हसा," वडील त्यांना म्हणाले. "मगाशी हसत हुता की, आताबी हसा. मी मॅडमशी बोलतोय."

मग ते टेबलाजवळ गेले आणि दोन्ही हात टेकून उभे राहिले. त्यांच्या नखांत रेक्झिन चिकटवायचं काळं सोल्यूशन बसलेलं होतं. मॅडमनी आपली खुर्ची जराशी मागे घेतली.

"मॅडम, ते वाक्य तुमच्या तोंडातून इंग्रजीत सहज निघालं. माझ्याकडं बघून म्हणाला. मी बापय हिचा. तेच आता मराठीत म्हणा, माझ्याकडंच बघून. एवढंच ऐकायला आलोय मी वर."

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या माझ्या वडिलांकडे बघू शकल्या नाहीत. टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "ठीक आहे. तुमची मुलगी खोटं बोलतेय. झालं समाधान?"

"झालं," वडील म्हणाले. "आता माझं थँक्यू परत द्या."

बाहेर शिपाई उभा होता, तो बाजूला झाला आणि आम्ही खाली आलो.

त्याच दिवशी वडील पंचायत समितीत गेले आणि शिक्षण विभागात तक्रार दिली. तिथले गटशिक्षणाधिकारी गुरव साहेब. निवृत्तीला आलेले, बारीक, थंडी नसतानाही बिनबाह्यांचा स्वेटर घालणारे. त्यांनी तक्रार घेतली, पण काही आशा दाखवली नाही. "संस्था मोठी आहे," एवढंच म्हणाले.

सुनावणी लागेपर्यंत आमच्याकडे बरेच लोक येऊन गेले. पोरीचं वर्ष वाया जाईल. उद्या स्थळं बघताना लोक विचारतील. मिटवून टाक हिंदुराव. आईनं सगळ्यांना चहा दिला आणि एकालाही उत्तर दिलं नाही. माझी वर्गातली मैत्रीण सानिका, जिच्या शेजारी मी बालवाडीपासून बसत होते, तिनं माझा फोन घेणं बंद केलं. चौकशीत तिनं सांगितलं होतं की त्या वेळी ती मान खाली घालून गणित सोडवत होती. सगळ्या वर्गानंच मान खाली घातली होती म्हणे. हसायला तेवढी वर केली होती, हे कुणी सांगितलं नाही.

सुनावणी पंचायत समितीच्या एका खोलीत झाली. एका बाजूला मॅडम, कणसे सर आणि संस्थेचे एक सदस्य. दुसऱ्या बाजूला वडील आणि मी. गुरव साहेबांशेजारी त्यांचा कारकून लिहून घेत होता.

कणसे सर म्हणाले, मुलीला हातसुद्धा लावला नाही. मुली विहिरीत पोहतात, कानात पाणी जातं, पू होतो. मला पोहता येत नाही, हे मी सांगितलं. कारकुनानं ते लिहिलं की नाही, कुणास ठाऊक.

मग गुरव साहेबांनी मॅडमना विचारलं, "मुलगी खोटं बोलते, असं तुम्ही तिच्या वडिलांना म्हणालात, अशी यांची तक्रार आहे."

"मुळीच नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज शांत, तासाला असायचा तसाच. "मी तीस वर्षं मुलांना शिकवतेय. असं मी कधीच म्हणणार नाही. यांचा इंग्रजीचा घोटाळा झाला साहेब. मी म्हणाले होते, वुई विल मेक इट अप टू हर. म्हणजे, आम्ही तिला भरून देऊ. शाळा मुलीच्या पाठीशी आहे, या अर्थानं. ते मला थँक्यूसुद्धा म्हणाले. विचारा त्यांना. मग खाली जाऊन काय झालं माहीत नाही, परत येऊन त्यांनी टेबलावर हात आपटले आणि त्यांना हवं ते माझ्याकडून मराठीत वदवून घेतलं."

गुरव साहेबांनी वडिलांकडे बघितलं. "थँक्यू म्हणालात तुम्ही?"

"म्हणलो साहेब."

"का म्हणालात?"

वडील गोंधळले. "भरून देतो म्हणल्या असं वाटलं म्हणून."

"म्हणजे मॅडम सांगतात तसंच."

वडिलांनी हळूच माझ्याकडे मान वळवली. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "निलू, तसंच म्हणल्या हुत्या का गं?"

त्यांच्या चेहऱ्यावर शंका होती. माझ्याबद्दल नाही, स्वतःबद्दल. आपल्यालाच कळलं नसेल, आपण अडाणी, उगाच एवढं केलं. तो चेहरा मी बघितला. कणसे सरांनी मारलं तेव्हा मी घाबरले होते, रडले होते. राग म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. माझ्या वडिलांनी भाबडेपणानं जो अर्थ काढला होता, तोच उचलून या बाईनं त्यांच्यावर उलटवला होता. त्यापेक्षा कानाचं भोक परवडलं.

मी उभी राहिले. "साहेब, मी मॅडमना एक विचारू?"

संस्थेचे सदस्य म्हणाले, "मुलीनं बोलायची गरज नाही."

"कान तिचा आहे," गुरव साहेब म्हणाले. "विचार."

शब्द मला पाठ होते.

"मॅडम, मेक इट अप टू समवन. हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. चौथा अर्थ. फळ्यावर उदाहरण लिहिलं होतं. आय फरगॉट युवर बर्थडे, आय विल मेक इट अप टू यू. आठवतंय ना?"

मॅडमनी समोरचा कागद सरळ केला.

"आठवत असेल तर सांगा मॅडम," गुरव साहेब म्हणाले. "मलाही कळू दे."

"हो. शिकवलं असेल."

"वाढदिवस कोण विसरलं होतं?"

"निलम, हा काय प्रकार आहे?"

"जो विसरला तोच म्हणतो, मी भरून देईन. ज्याच्या हातून चुकलं तोच. दुसऱ्याला हे वाक्य म्हणता येत नाही. मी वर्गात विचारलं होतं, शेजाऱ्यानं भरून दिलं तर म्हणता येईल का? तुम्ही म्हणालात, नो, ओन्ली द पर्सन हू डिड द राँग." मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाही राग येत होता. "मग तुम्ही भरून देणार होता, ते काय? सरांनी मला मारलंच नाही, तर काय भरून देणार होता?"

गुरव साहेबांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला आणि परत लावला.

"मॅडम," ते म्हणाले, "मला इंग्रजी बेताचं येतं. पण हे मला पटलं. तुम्ही मेक इट अप टू हर म्हणाला असाल, तर शाळेच्या हातून मुलीला इजा झाली हे तुम्ही त्या दिवशीच मान्य केलंत. आणि आत्ता माझ्यासमोर परत केलंत. तसं म्हणाला नसाल, तर दुसरं काय म्हणालात ते सांगा. दोन्हीपैकी कुठलंही चालेल. मी लिहून घेतो."

कणसे सर मॅडमकडे बघत होते. या वेळी ते हसत नव्हते. संस्थेचे सदस्य मॅडमच्या कानाशी झुकून काहीतरी म्हणाले.

"मी... मेक इट अप टू हर म्हणाले," मॅडम म्हणाल्या.

"लिहा," गुरव साहेबांनी कारकुनाला सांगितलं.

कारवाई झाली, पण सिनेमात होते तशी नाही. कणसे सरांना काही महिने घरी बसवलं आणि मग संस्थेच्याच दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवलं. ऑपरेशन मिरजेला झालं आणि त्याचा खर्च शाळेनं केला. पडदा शिवला गेला, पण त्या कानानं मला आजही अर्धवटच ऐकू येतं. फोन मी उजव्याच कानाला लावते. मी ती शाळा सोडली आणि दहावी मराठी शाळेतून केली. सानिका एकदा बाजारात समोर आली, थांबली, काहीतरी बोलणार होती. मी पुढे निघून गेले. याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

सुनावणीच्या दिवशी आम्ही पंचायत समितीतून चालतच दुकानावर आलो. वडिलांनी कुलूप काढलं, शटर वर केलं, पण कामाला बसले नाहीत. मशीनच्या स्टुलावर मला बसवलं आणि स्वतः रेक्झिनच्या गुंडाळीवर टेकले. समोरच्या टपरीवाल्याला त्यांनी दोन चहा सांगितले.

"ते चार अर्थ कुठले गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितले. मनानं रचणं. भांडण मिटवणं. गेलेलं भरून काढणं. आणि आपल्या हातून चुकलं ते ज्याचं त्याला भरून देणं.

"म्हणजे ड्रायव्हर लोक बरोबर बोलतात."

"हो. तेही बरोबर आहे."

त्यांनी मान हलवली. ग्लास खाली ठेवला. मग रस्त्याकडे बघत अगदी सहज म्हणाले, "बाई शिकवती मात्र चांगली."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि ते खरंही होतं. तिच्याइतकं चांगलं मला आजवर कुणी शिकवलं नाही. कणसे सरांचा चेहरा आता मला नीट आठवतही नाही. सबनीस मॅडमचं अक्षर मात्र आठवतं, फळ्यावरचं, सुरेख, एका ओळीत. आठवलं की आजही माझी मूठ वळते.

"चांगली शिकवते," मी म्हणाले.